सात नंबरचा अर्ज

माझे वडील अहमदपूरच्या तहसीलबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. सातबारावर नाव चुकलेला माणूस धापा टाकत गाऱ्हाणं सांगू लागला की ते त्याला हातानं थांबवत. "आधी साहेबाला मान, मागून मागणं." मी इंजिनिअरिंगला नांदेडला गेले तेव्हा पेटीतल्या कपड्यांसोबत हे वाक्यही नेलं.

कॉलेजात खरा संगणक एकच. तो काचेच्या दाराआड, एसीत. आमच्या वाट्याला बाहेरच्या हॉलमधली बारा टर्मिनलं, म्हणजे नुसते पडदे आणि कीबोर्ड. सगळ्यांची कामं ते एकच यंत्र थोडी थोडी करून द्यायचं. ते सांभाळणारे ऑपरेटर नांदेडच्याच जुन्या मुस्लिम घरातले, मितभाषी गृहस्थ. काही हवं असलं की टर्मिनलवरून त्यांना निरोप लिहायचा. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. एंटर दाबलं की तेवढी ओळ त्यांच्या पडद्यावर उमटायची. मुलं लिहायची, "सर, प्रिंटर अडकला." उत्तर यायचं, "आलो." आम्हाला ते टर्मिनलच्या नंबरानं ओळखत. मी कायम सात नंबर.

शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट होता एका गावाच्या नळयोजनेच्या हिशेबाचा. प्रोग्राम दोन तास चालायचा आणि सगळी उत्तरं शेवटी एकदम फाइलीत उतरवायचा. तशी सोय मीच केली होती, अक्कल तेवढीच होती. शनिवारी प्रोजेक्ट जमा करायचा होता आणि एवढा वेळ यंत्र मिळायची माझी पाळी मंगळवारची ती एकच. ती हुकली की वर्ष गेलं.

मंगळवारी दुपारी चारला लाइट गेली. पंखे थांबले, यंत्र आणि टर्मिनलं बॅटरीवर आली. अशा वेळी पाच मिनिटांत ऑपरेटरनं यंत्र रीतसर बंद करायचं, असा नियम होता. बंद करण्याआधीच बॅटरी संपली तर डिस्क खराब व्हायची भीती. सगळ्या पडद्यांवर ओळ आली, "पाच मिनिटात मशीन बंद. कामं आवरा." माझ्या प्रोग्रामला आणखी दहाएक मिनिटं हवी होती.

शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं लिही की, धा मिनिटं थांबा म्हणून!"

मी लिहिलं, "प्रति, माननीय ऑपरेटर साहेब." एंटर. "विषय : मशीनबाबत नम्र विनंती." एंटर.

"सात नंबर, बोला."

"महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की"

"हाव. पुढं?"

"मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी असून माझी हजेरी नियमित आहे"

"मजकूर काय हाय?"

नमनाला घडाभर तेल, आणि टायपिंग एका बोटानं. मैत्रिणीनं कपाळावर हात मारला. पाच मिनिटं केव्हाच उलटली होती. बाकीची टर्मिनलं एकेक करून रिकामी झाली, पण यंत्र चालूच होतं. "तरी माझा प्रोग्राम आणखी दहा मिनिटे चालू ठेवावा" ही ओळ पाठवली आणि तेवढ्यात प्रोग्राम पुरा झाल्याची खूण पडद्यावर आली. मी "आपली विश्वासू" लिहायला घेतलं. तोच सगळं काळं झालं. बॅटरी संपली होती.

हॉल दोन दिवस बंद राहिला. डिस्कचा एक भाग गेला होता आणि त्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांची सगळी कामं. माझी फाइल दुसऱ्या भागात होती, शाबूत. शुक्रवारी मी ती छापून घेतली. तेवढ्यात टर्मिनल टुणकन वाजलं.

"सात नंबर, काम झालं का?"

"हो सर."

"बरं झालं. मला मेमो आलाय, नियम का मोडला म्हणून. तुम्ही अर्ज करून राहिल्या होत्या, मधी तोडावा वाटला न्हाई. तुमच्या विनंतीवरून थांबलो, अशा दोन ओळी लिहून द्याल का?"

दोन ओळी. पण त्या लिहिल्या असत्या तर मुलांच्या नुकसानीत माझं नाव आलं असतं, प्रोजेक्ट अडवून ठेवला असता. मी घाबरले. लॉगआउट केलं आणि कागद छातीशी धरून हॉस्टेलवर आले. पुढं त्यांना काचेआडून काढून स्टोअरमध्ये बसवलं. खुर्च्या-टेबलांवर नंबर घालायचं काम दिलं, असं कळलं.

आता मी लातूरला एका ऑफिसातले सर्व्हर सांभाळते. लोक मला लिहितात, "सर्व्हर बंद, लवकर बघा." ना मान ना पान. मला ते बरं वाटतं.

प्रोजेक्ट झाला त्या वर्षीच्या दिवाळीत घरी मी वडिलांना अर्जाची हकीकत सांगितली, यंत्र बंद पडेपर्यंतचीच. ते इतके खूश झाले की शेजाऱ्यांना बोलावून पुन्हा सांगायला लावली. मग चष्मा पुसत विचारलं, "त्या साहेबांना दोन ओळी आभाराच्या लिहिल्यास ना?"

"लिहिल्या," मी म्हणाले.