बाथरूमच्या भिंतीवरचा डबा

इकडे ये वं पोरी. जवळ सरक. तू तिकडे गावात, खाप्यात अन् मी इकडे शहरात, सक्करदऱ्याले, हे मले समजते, पण ही लांबून ओरडून सांगायची गोष्ट नव्हे. म्हणून म्हणते, वाचता वाचता मनानं तरी जवळ ये. अन् पहिले थोडी बोलणी खाऊन घे. परवा फोनवर काय म्हटलं तू? "मावशी, पाळी महिन्यातून दोनदा येऊन राहिली, आठ-आठ दिवस सरत नाही, पण या वयात असंच असते न." अन् वरतून हसली. मी विचारलं, दवाखान्यात गेली काय, तर म्हणते, "तिथं जाऊन काय सांगू वं, लाज वाटते." पन्नाशीले टेकली तू, जावई आणायच्या वयाची झाली, अन् लाज वाटते! धाकट्या बहिणीची एकुलती पोर, म्हणून पुरतं रागावता बी येत नाही मले.

तर रागावत नाही, सांगते. माझं मागच्या वर्षी काय झालं ते तुझ्या आईले बी धड सांगितलं नाही. "पिशवी काढली" एवढंच सांगितलं, तिनंही पुढं विचारलं नाही. आपल्यात विचारत नसतात. तुले मात्र सगळं सांगते, काहून का तू बी माझंच करून राहिली.

आमच्या बाथरूमच्या भिंतीले, कमोडच्या बाजूनं, सुनेनं एक डबा लावून घेतला आहे. पांढरा, चपटा, टाइलमध्ये स्क्रू मारून बसवलेला. त्याले वरून झाकण. बोटानं ढकललं की आत उघडते, बोट काढलं की आपोआप लागते. हळूच लागते, आवाज बी करत नाही. नात मोठी झाली, तिच्या कॉलेजात तसा होता म्हणे, तिनंच हट्ट धरला. पहिल्या दिवशी मी पाहिला तर मले वाटलं टपालपेटी आहे. बाहेर येऊन सुनेले म्हटलं, "काहून वं, आता पोस्टमन संडासात येईल काय?"

दोघी मायलेकी पोट धरून हसल्या. मग सुनेनं सांगितलं, तो पाळीतले पॅड टाकायसाठी आहे.

"म्हणजे कचरा भिंतीले टांगून ठेवायचा?"

"आई, खाली ठेवलेल्या डब्याले पाय लागते, झाकण उघडंच राहते, वास येते. हा बरा. कोणाले काही दिसत नाही."

"आजी, तुमच्या वेळी काय होतं?" नातीनं विचारलं.

"कापड," म्हटलं मी, अन् मेथी निवडायले बसली.

एका शब्दात सांगून टाकलं, पण तेवढं सोपं नव्हतं ते. तुझी आई अन् मी, आम्ही उमरेडच्या मागावर वाढलो. घरात मागाचा धोटा दिवसभर सूत घेऊन इकडून तिकडे पळे, त्याच्या आवाजातच आम्ही झोपलो, जेवलो, भांडलो. विणकराच्या घरात कापड फेकत नसतात. लुगडं फाटलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं, अन् जे सगळ्यात मऊ उरे ते बायांच्या कामाचं. ते उजाडायच्या आधी मागच्या अंगणात धुवायचं, अन् धुताना तोंड फिरवून बसायचं. आईनं मले पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "पाहायचं नाही. धुवायचं अन् उठायचं." काहून पाहायचं नाही हे तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग परकराच्या खाली वाळत घालायचं, कोणाच्या नजरेस पडू नये असं. सुताचा रंग कच्चा का पक्का हे दोन बोटांत धरून सांगणारी मी, पण आपल्या अंगातून काय जाते ते मी जन्मात पाहिलं नव्हतं.

माझी पाळी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तुझे काका हयात होते तेव्हाच ती गेली, अन् मी मनात म्हटलं होतं, चला, एक काम संपलं. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी, कूलर खाली काढून धुऊन राहिलो होतो आम्ही, तेव्हा मले ओलं वाटलं. आत गेली. परकरावर डाग होता.

तुले वाटेल मी घाबरली असेन. नाही वं. काही वाटलं नाही. खरं सांगते, काहीच नाही. कूलरच्या जाळीत खस अर्धी बसवून झाली होती, मी मनात तेच धरून होती की बाकीची अर्धी तिरपी बसली तर पाणी बाहेर उडेल. कापड शोधायले गेली तर घरात लुगड्याचं फडकं उरलं नव्हतं. साड्या सगळ्या त्या चिकट, सिंथेटिक, त्या पाणी बी टिपत नाही. मग नातीच्या पाकिटातला एक पॅड घेतला. कसा लावायचा ते पाकिटावरच्या चित्रात पाहिलं. संध्याकाळी तो कागदात गुंडाळला, भिंतीवरच्या डब्यात टाकला. झाकण लागलं. मी उभी राहिली पाहत. आतून काही आवाज आला नाही. झालं, म्हटलं, अन् बाहेर येऊन कुकर लावला.

चार दिवस गेलं, थांबलं, मग पुन्हा आलं. असं होत राहिलं. मी स्वयंपाक केला, लग्नाले गेली, कैरीचं लोणचं घातलं. कोणी विचारलं असतं "कसं आहे?" तर "बरं आहे" म्हटलं असतं, अन् ते खोटं वाटलं नसतं मले. डब्याचं झाकण लागते तसं माझं बी लागून जाई, कोणाले लावावं लागत नसे.

तो डबा सूनच रिकामा करते. कचरागाडी सकाळी येते, त्यांना ते वेगळं बांधून द्यावं लागते, वर लाल खूण करून. एके दिवशी तिनं मले आतून हाक मारली.

"आई, जरा इकडे या."

गेली. ती उलट्या बादलीवर बसली होती, हातात हातमोजे, पुढं कागद पसरलेला.

"तुमची नात कागदाचा बोळा करून कोंबते. मी टेप लावते. ही पुडी कोणाची?"

"मी काय सांगू."

"दोरा बांधलेला आहे, आई."

"असेल."

"अन् ही गाठ पाहा." तिनं पुडी माझ्यापुढं धरली. "अशी गाठ या घरात एकच माणूस मारते. तुमच्या लोणच्याच्या बरणीचं फडकं सोडता सोडता माझी नखं गेली. दरवेळी कात्री लागते मले."

मागावर सूत तुटलं की आम्ही ती गाठ मारतो. एवढीशी, चपटी, मागाच्या फणीतून न अडकता पार होणारी, अन् एकदा मारली की न सुटणारी. माझे हात ती आपोआप मारतात. नातीचा पॅड चोरून घेतला, पेपरात गुंडाळला, झाकणाआड टाकला, अन् त्यावर दोरा बांधून, नीट गाठ मारून, आपल्या नावाची चिठ्ठीच लावून दिली म्हण न!

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई!"

"होळीच्या नंतर कधीतरी."

तिनं हातमोजे काढले. मग म्हणाली, "मले काहून नाही सांगितलं?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात."

"तुम्हाले भीती नाही वाटत?"

"नाही," म्हटलं मी. अन् ते खरं होतं. तिचे डोळे भरून आले होते, अन् मी तिथं उभी राहून पाहत होती की तिच्या साडीचा काठ ओल्या फरशीवर लोळून राहिला. तेच म्हटलं बी. "काठ भिजून राहिला तुझा." ती एकदम उठली अन् म्हणाली, "आजच जायचं. भाजी राहू द्या गॅसवर."

भाजी गॅसवर नव्हतीच, पण तिले तेव्हा काय बोलून राहिलो ते समजत नव्हतं.

धंतोलीले गेलो ऑटोनं. तुले माहीत आहे तिकडची गर्दी, एका दाराले लागून दुसरा दवाखाना, यवतमाळ, गडचिरोली, कुठून कुठून लोक पिशव्या घेऊन बसलेले. लेडी डॉक्टर होती, माझ्या सुनेपेक्षा लहान. तिनं विचारलं, "आजी, रक्त किती जातं? रंग कसा असतो? लाल, की काळपट?"

"मी पाहिलं नाही."

"पाहिलं नाही म्हणजे?"

"पाहत नसतात."

तिनं पेन खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. मी बी सुनेकडे पाहिलं. अन् सून म्हणाली, "मी पाहिलं, डॉक्टर."

निघायच्या आधीच तिनं पुडी कात्रीनं कापून उघडली होती, माझी. एक नाही, त्या डब्यात होत्या तेवढ्या सगळ्या. तिनं सांगितलं, पहिल्या दिवसाचं कसं होतं, नंतरचं कसं, कुठं गडद होतं, कुठं पाण्यासारखं. एवढं नीट सांगितलं की डॉक्टर भराभर लिहून घेऊ लागली. माझ्या अंगातलं ती सांगत होती अन् मी बाजूले बसून शेजारणीचं ऐकावं तसं ऐकत होती. मले वाटलं, आता तरी लाज वाटावी. वाटली नाही. तो एक पंखा वर फिरत होता, थोडा वाकडा.

मग सोनोग्राफी, मग आतलं थोडं काढून तपासायले पाठवलं. रिपोर्ट घ्यायले पुन्हा गेलो, या वेळी मुलगा बी होता. डॉक्टर म्हणाली, पिशवीच्या आतल्या अस्तरात कॅन्सरची सुरुवात आहे. सुरुवातच आहे, म्हणाली, दोनदा. "लवकर आलात आजी, हे बरं झालं."

"मी कुठं आली," म्हटलं, "हिनं आणलं मले."

टेबलावर बाईच्या पोटातल्या पिशवीचा एक प्लास्टिकचा नमुना ठेवलेला होता, गुलाबी. त्यावर धूळ बसली होती. मुलगा काहीतरी विचारत होता, त्याचा आवाज फाटला होता, अन् मी त्या नमुन्याकडे पाहत होती की हे कोणी पुसत काहून नाही. नंतर तो बाहेर जिन्यात जाऊन रडला. मी त्याले बाटली दिली, पाणी पी म्हटलं. रडणं त्याचं होतं, माझं नव्हतं, असं वाटत होतं.

ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या बाथरूममध्ये बी भिंतीले डबा होता, स्टीलचा, तसंच झाकण. ऑपरेशननंतर थोडं थोडं जात होतं अजून. सिस्टर म्हणाली, "आजी, टाकायच्या आधी पाहून मले सांगायचं. जास्त वाटलं तर लगेच बेल." तेव्हा पहिल्यांदा मी पाहिलं. एवढ्या वर्षांनी. एका हातानं सलाईनचा दांडा धरून उभी होती, दुसऱ्या हातात ते. लाल होतं, कडेनं तपकिरी होत चाललेलं. बस, एवढंच. आईनं काय म्हणून पाहू दिलं नव्हतं कोण जाणे. मी झाकण ढकललं, टाकलं, अन् बाहेर येऊन सिस्टरले सांगितलं, "कालच्यापेक्षा कमी आहे." ती म्हणाली, "शाब्बास." शाब्बास म्हणे!

आता मी बरी आहे. मधून मधून तपासणीले जाते, डॉक्टर म्हणते सगळं ठीक आहे. लोक विचारतात, तुम्ही किती धीराच्या. धीर कुठला वं, मले अजून बी काही वाटलं नाही. भीती यायची ती कुठं रस्ता चुकली असेल. येईल एखाद्या दिवशी कपडे वाळत घालता घालता, तर येऊ दे. मी तिची वाट बी पाहत नाही. पण परवा तुझा फोन ठेवला अन् मी स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीले फडकं बांधून राहिली तर माझी गाठ दोनदा सुटली. माझ्यासाठी नाही सुटली कधी. सुनेनं विचारलं, "काय झालं आई?" तिले सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बोलवा तिले."

म्हणून सांगते. तुझं माझ्यासारखंच असेल असं नाही. काहीच नसेल, नुसतं वयाचं असेल, गोळ्यांनी थांबेल. पण ते डॉक्टरले ठरवू दे, तू खाप्यात बसून ठरवू नको. पहिले पाहत जा. किती जाते, कसं जाते, किती वेळानं बदलावं लागते. तोंड फिरवू नको. अन् तिथं गेल्यावर सांगायची लाज वाटली तर नको सांगू, मले सांग, मी डॉक्टरपुढं सांगीन. मी बाजूलेच बसीन तुझ्या.

नवऱ्याले म्हण, चार दिवस भात लावून खा, काही होत नाही. शेतातलं काम थांबत नाही तुझ्यावाचून, हे तू बी जाणते. या सोमवारची सकाळची बस धर, सून स्टँडवर गाडी घेऊन येईल, मी जेवायची थांबीन. ये वं पोरी, लवकर ये.