हरिदासनं जोडलेली तार

पडदा वर जातो तेव्हा यंदाच्या मार्चमधली दुपार आहे. पुलगावहून नाचणगावकडे जाणारा रस्ता. कडेला पत्र्याचं दुकान, दारात काळ्या बॅटऱ्यांची रांग आणि त्यांच्यामागे स्टुलावर बसलेला साठीकडे झुकलेला माणूस. त्याच्या शर्टाला चाळणीसारखी बारीक भोकं आहेत. ती बॅटरीच्या ॲसिडनं पडलेली. हा हरिदास, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. बाकावर बसलेला म्हातारा मी. उभा जन्म नाटकात गेला, आता दुपारी इथं चहा प्यायला येतो. आजच्या खेळात मला संवाद नाहीत.

हरिदासची बायको रुख्मिणी त्याला लग्नाकार्याला नेताना दारातच थांबवून शर्ट तपासते. "भोकं दाखवाले चालले का लोकाइले?" असं ती म्हणते, आणि हा मुकाट्यानं शर्ट बदलतो. स्वभावच तसा मुकाट. पण कामात पक्का. तुमच्या मोटरसायकलचा साधा बल्ब बदलून दिला, तरी दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून तो पाहून जायचा. गेल्या वर्षभरात मात्र तो वाट वेगळ्याच कारणानं वाकडी करू लागला होता. समोरून लहानूदादा येताना दिसले की हरिदास रस्ता ओलांडायचा.

लहानूदादा म्हणजे नाचणगावातल्या अश्विनच्या ट्रकचे ड्रायव्हर. ट्रक अश्विनच्या वडिलांचा, पुढे गोल नाकाड असलेला, अश्विनपेक्षा वयानं मोठा. त्यानं आयुष्यभर कापसाच्या गाठी वाहिल्या. मागचा फाळका पाडला की त्याचाच रंगमंच व्हायचा. आमच्या मंडळीनं कित्येक गावांत त्यावर प्रयोग केले. मी वर राजा होऊन गरजत असायचो आणि खाली केबिनमध्ये लहानूदादा पाय पसरून घोरत असायचे. आता ट्रक शेडमध्ये उभा असतो. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत निघतो. चालवायचे लहानूदादाच. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, दुसरी कुठलीही गाडी आता हातात नाही. वर्षातली ती एक संध्याकाळ त्यांची होती.

मागच्या वर्षी अश्विननं नागपूरहून नवा स्टिरिओ आणला. बोट लावलं की पडदा उजळतो, मोबाईलमधलं गाणं तारेशिवाय वाजतं. जुन्या डॅशबोर्डचा पत्रा कापून तो बसवायचं काम हरिदासकडे आलं. पत्रा कापताना टॉर्च लहानूदादांनीच धरला होता.

आता अडचण अशी की त्या ट्रकला दोन बॅटऱ्या. दोघींचा जोर मिळून गाडी सुरू होते. स्टिरिओला मात्र एकीचाच जोर सोसतो, दोघींचा दिला तर जळून जाईल. मधे जोर कमी करणारा एक डबा बसवावा लागतो. तो डबा वर्ध्याहून यायचा होता आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशी होती. हरिदासनं सरळ एका बॅटरीवरून तार ओढली. हे चूक आहे हे त्याला ठाऊक होतं. एकीला उपसत राहिलं की गाडी ऐन वेळी उठत नाही. पण गाणं सुरू झालं, अंगणातली पोरं नाचायला लागली, आणि हरिदास म्हणाला, "एका दिवसाचं तर काम हाये. चालते."

मिरवणूक पुलगावात चौकात थांबली. भाषणं होती. लहानूदादांनी इंजिन बंद केलं, दिवे बंद केले. स्टिरिओ हळू आवाजात वाजत राहिला. भाषणं संपली, दादांनी चावी फिरवली, आणि ट्रकनं नुसता 'टक' असा आवाज केला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. मागं सगळं नाचणगाव उभं. कुणीतरी ओरडलं, "दादा, गाडीले झोप लागली का तुमाले?" लोक हसले. तेवढ्यात अश्विन केबिनमध्ये चढला. दिव्याचं बटण चालू होतं.

"दादा, लाईट चालूच ठेवला ना तुमी," तो म्हणाला. रागानं नाही. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

दादा बटणाकडे पाहत राहिले. स्टिरिओ तर छान वाजत होता, नवा माल, त्याच्यावर कोण संशय घेणार? पोरांनी ट्रक ढकलत नेला. स्टेअरिंग धरून बसलेल्या दादांची मान मी त्या दिवशी प्रथमच खाली गेलेली पाहिली.

हरिदास ट्रकच्या पायरीवर उभा होता. तो काही बोलला नाही.

पुढं त्यानं जे केलं ते चांगल्या मनानं केलं, आणि त्यानंच घात झाला. मे महिन्यात तो वर्ध्याहून डबा घेऊन आला आणि कुणाला न सांगता ट्रकला बसवून टाकला. त्यानंतर अश्विननं जेव्हा जेव्हा चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. म्हणजे गाडीत दोष नव्हताच, असं सगळ्यांचं ठरलं. दोष म्हाताऱ्याचा.

आणि हळूहळू म्हाताऱ्याचंही तेच ठरलं. त्यांची बायको मीराबाई एकदा दुकानासमोरून जाताना सांगत होती, "घराले कडी लावतात, चार पावलं जातात, का परत पाहाले येतात. काल भाजीत मीठ टाकलं का म्हणून मले इचारलं. भाजी मी केली होती." ती हसत होती. हरिदास हातातली वायर सोलत होता. सोलता सोलता आतली तांब्याची तारही तुटली.

तर, मार्चमधली ती दुपार. लहानूदादा रस्त्यावरून आले. या वेळी हरिदासला उठून जायला जागा नव्हती.

"जयभीम, हरिदास. काम हाये गा तुह्याकडं."

"बसा ना दादा."

"असं काई यंत्र असते का, जे घरचा दिवा चालू राह्यला तं कोकलन?"

"काऊन?"

"मी इसरतो ना. मीराबाई म्हणते, एक दिवस तुमी मलेच बाजारात इसरून यान." ते हसले. "दिव्याले लाव, नळाले लाव. आन् यंदा मिरवणुकीत गाडी अश्विनचा ट्रॅक्टरवाला अंकुश चालवून राह्यला, सांगतलं का तुले कोनं? मले वरतं खुर्चीवर बसवतात म्हणे, हार घालून. नवरदेवावानी."

"तुमी काई इसरत नाई, दादा."

"तू नोको सांगू. साऱ्या गावानं पाह्यलं."

हरिदासनं हातातला टेस्टर खाली ठेवला. दुकानाचं अर्धं शटर ओढलं. "चला माह्यासंगं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "काका, तुमीबी चला."

अश्विनच्या अंगणात ट्रक धुणं चाललं होतं. त्याचा ट्रॅक्टर चालवणारा अंकुश टपावर पाणी मारत होता. हरिदासनं कुणाशी न बोलता बॅटऱ्यांवरची फळी काढली.

"अश्विनभाऊ, हे पाह्य. हा डबा मी मागच्या मे महिन्यात बसवला. कोनाले सांगतलं नाई. त्याच्या आधी तार एकाच बॅटरीवरून होती. गाडी त्याच्यानं बसली होती, दादाच्यानं नाई."

अश्विन पुढे आला. "पण भाऊ, लाईट चालू होता. मी सोता पाह्यला."

"तो गाडी उठून नाई राह्यली म्हणून लावला दादानं. बॅटरीत जीव हाये का नाई ते पाहाले. कोनताबी डायवर तसंच करते. आधी बंद केला होता. मी पायरीवर उभा होतो, मले दिसत होतं."

अंकुशनं पाईप बंद केला आणि टपावरून खाली उतरला. अश्विन म्हणाला, "वर्षभर म्या दादाले..." आणि तिथंच थांबला. मग त्यानं खिशातून ट्रकची चावी काढून दादांपुढे धरली.

दादांनी चावीकडे पाहिलंच नाही. ओल्या मडगार्डवर हात ठेवून ते उभे होते.

"म्हणजे मी इसरलो नोतो," दादा म्हणाले.

"नाई, दादा."

"मंग तवाच काऊन नाई बोलला बे?"

गर्दी होती, गडबड होती, मिरवणूक खोळंबली होती, यातलं काहीही हरिदासला म्हणता आलं असतं. कुणी खोटं मानलं नसतं. त्यानं भोकांच्या बाहीनं तोंड पुसलं.

"सगळे तुमच्याकडं पाहून राह्यले होते, दादा," तो म्हणाला. "माह्याकडं कोनी नाई. मले बरं वाटलं."