उघड्या पडलेल्या नसा

माझ्या धाकट्याचा उजवा डोळा अंधारला तेव्हा तो पंख्याची मोटार भरत होता. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडं मोटार भरणं म्हणतात. चिकलठाण्याला त्याचं त्याच कामाचं दुकान आहे. पंख्याची तार केसासारखी बारीक असते. ती त्याला दिसेना. त्यानं कुणाला सांगितलं नाही. बापावर गेलाय, दुखणं लपवतो. सुनेनं ओळखलं ते जेवताना. हा एकदा एक डोळा झाकायचा, एकदा दुसरा, आणि ताटातल्या चटणीकडं बघत बसायचा. एका डोळ्याला ती लाल दिसत होती, दुसऱ्याला मातकट.

डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळा चांगला आहे, त्याच्या मागची नस सुजलीय. त्यानं मेंदूच्या डॉक्टरकडं पाठवलं. त्या बाई होत्या, वयानं माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी मशीनमध्ये घालून मेंदूचा फोटो काढला. त्यात पांढरे ठिपके होते.

बाई म्हणाल्या, "आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरचा जंतू आला की त्याला मारायचं, हे त्यांचं काम. मेंदूत त्या एरवी फारशा जात नाहीत. तुमच्या मुलाच्या गेल्यात. नसांवर एक आवरण असतं, तेच त्यांना परकं वाटतंय. त्या ते खरवडतायत, म्हणून सूज येते."

"जंतू कुठला मग?" मी विचारलं.

"जंतू नाहीच आजी. त्याचंच शरीर त्याच्यावर उठलंय."

मुलगा म्हणाला, "म्हणजे तारेवरचं वार्निश गेलंय. ते गेलं की तारेला तार लागून मोटार जळते."

"हो, तसंच. पण नुसतं वार्निश जाऊन थांबत नाही. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात, त्याही भडकतात आणि उघड्या नसेची झीज होत जाते. वरून बरं वाटतं तेव्हाही."

"मी जळालेली मोटार नवी भरून देतो," तो हसून म्हणाला. "तुमच्याकडं तशी सोय नाय का?"

"नवी तार मिळत नाही ना इथं," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

स्टिरॉइडच्या सलाईननं डोळा पुष्कळ सुधारला. चटणी परत लाल झाली. बाई म्हणाल्या, आता दुसरं औषध सुरू करू, त्यानं त्या पेशी दबतील, पुढची झीज थोडी तरी रोखता येईल. तो नको म्हणाला. "लोक प्रतिकारशक्ती वाढवायला काढे पितात आणि मी माझी दाबून टाकू?" दिसायला लागलं होतं, दुकान चालू होतं. घरातल्या कुणालाच ते औषध पटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात उजवा पाय जड झाला. पायरीवर चप्पल अडकायची. तेवढ्यात कन्नडहून माझे थोरले दीर आले. त्यांनी त्याला अंगणात चालायला लावलं आणि निकाल दिला, "हा लकवाच हाय. गावाकडं चल. निर्गुडीचा शेक घे, पळायला लागशील."

आमच्याकडं हात-पाय गेला की शेक हाच पहिला इलाज. दिरांचा स्वतःचा आखडलेला खांदा शेकानंच सुटला होता. त्यांचं म्हणणं कुणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं. मुलाला तर ते फारच पटलं, कारण त्यात औषध नव्हतं.

गावाकडं अंगणात विणलेली बाज टाकली. खाली निर्गुडीच्या पाल्याचं उकळतं पातेलं ठेवलं. मुलाला वर बसवून घोंगडी पांघरली. वैशाखातली दुपार, वरून ऊन, खालून वाफ. एक टोक दिरांनी धरलं होतं, एक मी. आतून तो म्हणाला, "काका, बस झालं का?"

"घाम फुटू दे अजून. बायकांसारखा काय कुरकुरतोस?"

घोंगडी काढली तेव्हा तो लालबुंद झाला होता. उठायला गेला आणि गुडघे दुमडून खालीच बसला. पाय दोन्ही गेले. मग त्यानं हात पुढं करून हवा चाचपली.

"माय, आभाळ आलं का?"

ऊन डोळ्यांत खुपत होतं.

दीर म्हणाले, "भिऊ नका. रोग निघायच्या आधी असा जोर करतो. आणखी एक पातेलं ठेवा."

सून चुलीपाशी होती. ती आली, तिनं रांजणातून कळशी भरली आणि त्याच्या डोक्यावर ओतली. मग दुसरी.

"अगं ए, तापल्या अंगावर गार पाणी? नवऱ्याला मारतीस का काय?"

"मारायचं असतं तर घोंगडीतच ठेवला असता," ती म्हणाली. सासऱ्याच्या जागच्या माणसाला आमच्यात असं कुणी बोलत नाही. ती बोलली. मी तिला अडवलं नाही.

ओल्या लुगड्यात गुंडाळून त्याला सावलीत निजवला. ऊन कलेपर्यंत नजर आली, पाय हलले. दीर म्हणाले, "बघा, शेकाचा गुण." सुनेनं बॅग भरायला घेतली.

डॉक्टरबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "शेकानं नवं नुकसान झालेलं दिसत नाही. पण आवरण गेलेली नस तापली की तिच्यातून निरोप जात नाही. आत किती झालंय, ते त्या वाफेनं दाखवलं."

मुलानं विचारलं, "आता ते औषध घेतलं तर गेलेलं परत येईल?"

"नाही. आहे ते जपायचं."

त्यानं लगेच होकार दिला. मला वाटतं, तो त्या अंधाराला भ्याला.

आता वर्षातून दोनदा ते औषध त्याला सलाईनमधून देतात. अंगातली लढणारी फौज दबलेली, त्यामुळं साधा सर्दी-खोकला त्याला महागात पडू शकतो. लग्नाकार्याला जाणं बंद केलं. घरी येणाऱ्याला मी आधी विचारते, खोकला आहे का. माझी सख्खी बहीण खोकत आली, तिला दारातूनच परत पाठवली. ती म्हणाली, "एवढा माज बरा नव्हं." ठेवू दे नावं. थोरले दीर अजून रागावलेले आहेत ते शेकावरून नाही, सून त्यांच्या पाया पडायला परत गेली नाही म्हणून.

डोळ्याचं नवं दुखणं आलं नाही. बाई म्हणतात, नवे ठिपके नाहीत, औषध लागू पडलंय. पंख्याची बारीक तार त्यानं सोडून दिली, बोटं तेवढी ऐकत नाहीत. विहिरीवरच्या पंपाची जाड तार असते, तेवढी भरतो, तीही सकाळच्या गारव्यात.

पण पायाचं ओढणं वाढतच चाललंय. असं का, हे मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाहेरून येणारी फौज औषधानं आवरली, आतली झीज आवरणारं औषध अजून तेवढं जोरकस नाही. सरळ बोलल्या, मला ते आवडलं.

परवा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तो दुकानाला निघाला आणि फाटकाशी थांबला.

"माय, मी चालताना चपलेचा आवाज येतो का गं?"

सून आतून बघत होती. तिनं मला मानेनं नको म्हणून खुणावलं.

"येतो," मी म्हटलं.

"पहिल्यापेक्षा जास्ती?"

"व्हय. जास्ती."

त्यानं पायाकडं बघितलं. मग म्हणाला, "बरं. मग मागं पट्टा असलेली चप्पल घ्यावी लागंल," आणि गेला. कोपऱ्यापर्यंत मला ऐकू येत होतं.