साडेअकरा आटे

दत्ता गेल्याचं कळलं तेव्हा मी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर 'पाणी कमी दाबाने येतंय' अशी तक्रार टाइप करत होतो. मेसेज पुरा व्हायच्या आधीच त्याच्या बायकोचा, रंजनावहिनींचा फोन आला. ठाण्याच्या ऑफिसातून परत येताना शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकलेली, आणि हा खिडकीला डोकं टेकून बसल्या बसल्या गेला. शेजारच्या माणसाला वाटलं, झोप लागली असेल. तसा तो थकलेलाच असायचा. एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस नवी नोकरी धरतो तेव्हा थकवा त्याच्याबरोबरच हजेरी लावतो... पाच आठवडे झाले. ती तक्रार मी पाठवलीच नाही.

आम्ही दोघे कल्याणच्या कॉलेजात एका बाकावर होतो. माझ्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. त्याच्याही नाही. निकाल लागला त्या दिवशी माझ्या वडिलांनी मोहन्यातल्या अख्ख्या चाळीला पेढे वाटले होते आणि मी पदवीधर आहे हे आजही मी मान ताठ ठेवून सांगतो. मला शाळेत क्लार्कची नोकरी लागली. दत्ताचे वडील पालिकेच्या पाणी खात्यात होते, ते गेले आणि त्यांच्या जागी हा अनुकंपावर लागला. बी.कॉम. झालेला व्हॉल्वमन. खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन पहाटे निघायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा आणि वाकून चावी फिरवायचा. चावीच्या एका फेऱ्याला ही माणसं आटा म्हणतात. कुठल्या व्हॉल्वला किती आटे द्यायचे हे कुठेही लिहिलेलं नसतं, ते हातात असतं. आमचा साडेअकरा. त्याहून जास्त दिले की खाली आमच्या गल्लीत पाणी धो धो, आणि टेकडीवरच्या वस्तीत नळातून नुसती हवा. विचारात पडला की दत्ताचं उजवं मनगट आपोआप फिरायला लागायचं, गप्पा मारतानासुद्धा.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "दत्त्या, उद्या दोन आटे जास्त दे रे. पन्नास पानं उठायचीयत." हे सगळेच मागतात. बारसं असो, पूजा असो, व्हॉल्वमनला सांगून ठेवायचं ही आमच्याकडची रीतच. त्याने दिले. दुपारी तो जेवायला बसलेला असताना वरच्या वस्तीतली एक म्हातारी रिकामा हंडा कमरेवर घेऊन मंडपाच्या तोंडाशी उभी राहिली. भांडली नाही. त्याच्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आज कुनाकडं हाय रं कार्य? नाय, आमचं पानी हितं आलं व्हय, म्हनून इचारलं." पंगत हसली. मीही हसलो. दत्ताने पानावरून हात काढला तो परत ठेवला नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याने ठाण्याच्या एका कॉलेजात एम.ए.ला नाव घातलं. शनिवार-रविवारचा वर्ग, विषय सार्वजनिक धोरण. वय सत्तेचाळीस. मी म्हटलं, "अरे, केस काळे करण्याच्या वयात दप्तर कसलं घेतोस?" तो म्हणाला, "सुऱ्या, बावीस वर्षं मी पाणी सोडतोय. कुणाला किती हे ठरवतं कोण, ते मला अजून माहीत नाही." खरं सांगायचं तर मला ते लागलं. दोघेही पदवीधर, पण शाळेतला क्लार्क म्हणून लोक अर्ज लिहायला माझ्याकडे यायचे; आता हा पुढे जाणार होता. वर्गातली मुलं त्याला काका म्हणायची. इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला त्याला तास लागायचा. परिसरातल्या सगळ्या व्हॉल्वचे आटे आणि शेवटच्या नळाला मिळणारी मिनिटं, हा त्याचा प्रबंध. मॅडमनी विचारलं, या आकड्यांना आधार काय? याने हात पुढे केला. "हा." वर्ग हसला म्हणे, पण मॅडम हसल्या नाहीत. एका पेपरात नापास झाला, परत बसला, सुटला. मग पक्की नोकरी सोडून ठाण्याच्या एका छोट्या संस्थेत लागला. आमच्यातल्या एकालाही ते पटलं नाही. वहिनींनाही नाही, पण त्या डबा देत राहिल्या.

गेल्या श्रावणात तो एक कागद घेऊन माझ्याकडे आला. प्रत्येक व्हॉल्वपाशी फलक लावावा, त्यावर आटे आणि वेळ लिहावी, म्हणजे कुणी मागणार नाही आणि कुणी देणार नाही. वरच्या वस्तीच्या सह्या, अंगठे झाले होते. गल्लीचा सेक्रेटरी म्हणून माझी सही हवी होती. मी चष्मा शोधल्यासारखं केलं. "बघू रे, गणपती होऊन जाऊ दे." गणपती झाल्यावर म्हटलं, दिवाळी होऊ दे. आमच्या गल्लीला त्याच्या जागी आलेल्या व्हॉल्वमनकडून रोजच एक आटा जास्त मिळत होता, आणि ते मला ठाऊक होतं. दत्तालाही होतं. तो चिडला नाही. चिडण्याइतकी ताकद उरली नसावी. जाताना चपला घालत म्हणाला, "तुझी सही नाही तोवर ती वरच्यांची तक्रार आहे, सुऱ्या. तू केलीस की नियम होईल. एवढंच शिकलो बघ दोन वर्षांत." ते आमचं शेवटचं बोलणं.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी त्याची फाइल माझ्या हातात दिली. "भावोजी, हे तुमच्याकडचंच काम राहिलंय." कागदावर माझ्या नावापुढे त्याने पेन्सिलने बारीक फुली करून ठेवली होती, सही कुठे करायची ते मला कळावं म्हणून. मला. जन्मभर दुसऱ्यांना फुल्या मारून देणाऱ्या माणसाला... मी सही केली. गल्लीच्या मीटिंगमध्ये दोन तास शिव्या खाल्ल्या. "मेलेल्याचं ऐकून जित्यांचं पाणी घालवता काय?" असंही कुणी म्हणालं. अर्ज वॉर्ड ऑफिसात दिला, आवक शिक्का मिळाला. फलक अजून लागलेला नाही. कधी लागेल सांगता येत नाही. नव्या व्हॉल्वमनला मात्र मी त्याच्या प्रबंधातल्या आमच्या व्हॉल्वच्या पानाची झेरॉक्स नेऊन दिली आणि म्हटलं, बाबा, यापुढे एवढेच दे. वेड्याकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. कमी मागायला आलेलं माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

आता सकाळी सहाला मी नळाला पाइप लावतो. पहिलं पिंप भरतं, दुसरं निम्म्यावर आलं की धार बारीक होते. बायको आतून ओरडते, "तुमच्या मित्राने पाणी पळवलं!" मी पाइप गुंडाळून ठेवतो, निम्म्या पिंपावर झाकण घालतो, आणि टेकडीच्या बाजूने हंड्यांचा आवाज येतो का, ते ऐकत थोडा वेळ तिथेच उभा राहतो.