वाटाड्या

गल्लीत त्याला सगळे वाटाड्याच म्हणायचे. लहानपणी एकदा दाट धुक्यात बाजारातून पोरांचं लटांबर त्याने घरी आणलं होतं. त्यातली दोन त्याच्याहून मोठी होती आणि भोकाड पसरून रडत होती. ताईने आधी त्याचा कान पिळला, मग पोटाशी धरलं. आईवडील गेल्यावर वडिलांचं शिवणकामाचं दुकान ताईच चालवत होती, आणि त्यालाही तीच वाढवत होती.

शिंपी म्हणून तो अगदीच कच्चा होता. खडूची रेघ सुतासारखी मारायचा, पण एका वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या त्याने डाव्याच कापल्या.

युद्ध सुरू झालं आणि तो बॉम्बफेकी विमानाचा मार्गदर्शक झाला. निघताना ताई म्हणाली, "डावं-उजवं कळत नाही, आणि हा चालला विमानाला वाट दाखवायला."

"कापड उलटं पडतं, ताई," तो हसला. "आकाश पडत नाही."

विमान परतलं नाही. हवाईदलाने कळवलं, मार्ग चुकल्याने समुद्रात कोसळलं. गल्ली हळहळली, पण जीभ कुणाची धरणार? नळावर ताईच्या कानावर आलंच, "वाटाड्याच वाट चुकला म्हणे."

तिने हंडा उचलला. त्या दोन डाव्या बाह्या तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

एका दुपारी कुबडीवर एक तरुण दुकानात आला. विजारीचा एक पाय आखूड करायचा होता.

"मी त्याच्याच विमानात होतो," तो म्हणाला. "वरच्या काचेच्या घुमटात, बंदुकीवर. तो खाली, पडद्याआड दिव्याशी. त्याला बाहेरचं दिसायचं नाही."

ताईने मशीन थांबवलं.

"परतताना आमच्यावर मारा झाला. पायलटने विमान गरागरा फिरवलं. सावरल्यावर पायलटनेच घाईत होकायंत्राची तबकडी लावली, ती नेमकी उलटी, उत्तरेच्या जागी दक्षिण. थोड्या वेळाने तुमच्या भावाने मला विचारलं, 'ध्रुव कुठल्या हाताला?' म्हटलं, डाव्या. तो म्हणाला, 'घरी जाताना उजव्या हाताला हवा. आपण घराकडे पाठ करून चाललोय.'"

"मग?"

"वळलो. पण पेट्रोल पुरलं नाही. पडेपर्यंत तो वायरलेसवाल्याला आमची जागा सांगत राहिला. शोधायला निघालेली बोटही त्याच जागी आली. मी एकटा जिवंत हाती लागलो."

"हे वर सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणाले, पायलट मोठा माणूस होता, आता उकरू नका."

ताईने विजार हातात घेतली. उलट्या होकायंत्राची चूक तिला कुणी समजावून सांगायला नको होती. घाईत बाह्या अशाच कापल्या जातात.

"रविवारी शाळेत त्याची शोकसभा आहे," ती म्हणाली. "ही घालून या."

शाळेच्या दारात स्मारकाची शिळा टेकवून ठेवली होती. तिच्यावर खडूने अक्षरं आखली होती. कोरायची बाकी होती. आत मुख्याध्यापक म्हणत होते, "मार्ग चुकलेल्या या वीराला..."

"तो चुकला नाही," ताई उभी राहिली.

"ताई, शोकसभा आहे ही. आपण नंतर बोलू."

"शोक माझा आहे, सर. तुमची नुसती सभा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. कुबडीवाला उठला. दुकानात सांगितलं तेच त्याने इथे सांगितलं, तितक्याच शब्दांत. पहिल्या रांगेतले वर्दीतले साहेब खाकरले.

"याने पायलटच्या नावाला बट्टा लागेल, बाई."

"लागू नये. तोही कुणाचा तरी मुलगा. त्याची चूक तुम्ही कुठेच लिहू नका, मी मागणार नाही. पण एकाचं झाकायला दुसऱ्याचं कापड फाडू नका."

साहेबांनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

ताई बाहेर आली. 'मार्ग चुकून' हे शब्द तिने तळहाताने पुसले. मग पिशवीतून स्वतःचा खडू काढला आणि त्या जागी लिहिलं: 'वाट दाखवताना'.

पाथरवट छिन्नी घेऊन बाजूला उभा होता. "असंच कोरू?"

"असंच," ती म्हणाली. "आणि घाई करू नका."