मटकीखाली ठेवलेली माती

श्रावणात नळदुर्गला जायचं ठरवलं, तेव्हा पुण्यात घरी सगळे हसले. दुष्काळाचं दुसरं वर्ष. किल्ल्यातला धबधबा कोरडाच असणार. मला मात्र पाण्याशिवाय तो कसा दिसतो, तेच पाहायचं होतं.

सोलापूर स्टँडवरून सकाळची एस.टी. सहज मिळते. पिण्याचं पाणी सोबत घ्याच. यंदा वाटेत कुणाकडे मागायला जीभ रेटत नाही. काळेभोर बुरुज, खाली नदीच्या पात्रात नुसते दगड. दोन तास फिरून हायवेवरच्या ढाब्यावर आले. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. स्वस्त आणि झकास.

जेवताना मागच्या उजाड माळावर एक लांबट हिरवा पट्टा दिसला.

"कुणाचं शेत हो?"

"शेत न्हाय बाई, माती ठिवलीय ती," ढाबेवाला म्हणाला. "आज उघडायलेत. जावा की बघायला."

गेले. इथं काळी माती वीतभरच, खाली सगळा मुरूम. गावातल्या मजूर सोसायटीनं रस्त्याच्या भरावासाठी दोन शेतांतला मुरूम काढला होता. पण वरची माती आधी खरवडून बाजूला राखायची, ही अट गावानंच घातली होती. आता खड्डे सपाट झाले होते आणि माती परत पसरायचा तो दिवस होता.

पहिलं शेत ताराबाईंचं. त्यांचा ढीग कमरेएवढाच, पण लांबच लांब. कडेनं दगडांची ओळ, वर मटकी पेरलेली. पावसाच्या दोनच सरींवर तिचे वेल असे पसरले होते, की वाऱ्याला मातीचा कण हाती लागू नये. ताराबाईंनी वेल सारून मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. गार. तिच्यात एक गांडूळ वळवळत होतं. चहूकडे भेगाळलेला माळ, आणि माझ्या तळहातावर हे जिवंत!

"आमच्या घराण्यातली पयली जमीन ही," त्या म्हणाल्या. "सासऱ्यानं मिळवली. मुरूम गेला तर जाऊ द्या. ही न्हाय जाऊ देणार."

दुसरं शेत म्हाताऱ्या रेवणप्पांचं. त्यांचा ढीग डोक्याहून उंच. भुसाची गंजी रचावी तसा रचलेला, वरून शेणमातीनं गुळगुळीत लिंपलेला. पहिली कुदळ बसली आणि कुबट वास सुटला. आत ओल कोंडून माती करडी, चिकट झाली होती. किडामुंगीसुद्धा नाही.

रेवणप्पा कानडीत काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "भूस टिकतंय की असं. हिला काय झालं?"

"भूस मेलेलं असतंय अप्पा," ताराबाई म्हणाल्या. "मातीला श्वासाला वारा लागतो."

म्हातारा खाली बसून ती बोटांनी चोळून बघू लागला. त्यांच्या शेतात आता उघडा मुरूम होता आणि वर घालायला ही माती.

मग ताराबाई म्हणाल्या, "वाळवा, पसरा. वरून माझ्यातली थोडी थोडी टाका. दुधाला विरजण लावतेत तसं."

"तुझ्याच रानाला पुरंना, आन् वाटायलीस!" त्यांची जाऊ फणकारली. खोटं नव्हतं ते.

ताराबाईंनी तरी टोपली भरली. उचलली आणि हसत विचारलं, "माझ्या हातचं विरजण चालंल न्हवं, अप्पा?"

आसपासच्या बायांचे हात थांबले. ताराबाईंचं घर बौद्ध. रेवणप्पांच्या दारात त्यांना आजही पाणी वरून ओततात, हे जावेनं माझ्या कानात सांगितलं.

रेवणप्पा उठले. पायातल्या चपला काढल्या. टोपली दोन्ही हातांनी घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"संध्याकाळी घरला या," ते म्हणाले. "वसरीत न्हाय, आत. प्यायला हुलग्याचं माडगं करायला सांगतो."

"बघू," ताराबाई म्हणाल्या. "आधी माती जगू द्या."

शेवटची एस.टी. पकडायची म्हणून मला निघावं लागलं.

पुण्यात परतल्यावर एकदा रेडिओवर उस्मानाबाद जिल्ह्यात चांगला पाऊस झाल्याचं ऐकलं. तव्यावरची पोळी करपली. त्या करड्या मातीत काही उगवलं का? ताराबाई तो उंबरा ओलांडून आत गेल्या का? मला माहीत नाही. वीतभर माती तयार व्हायला किती पिढ्या जातात, तेही मी कधी मनात आणलं नव्हतं. माती जगायला आणि उंबरा ओलांडायला, दोन्हींना वेळ लागणार. ताराबाई थांबायला तयार होत्या, आणि तेही स्वतःच्या शेतातली माती कमी करून. ते मला अजून पेलत नाही.