एक ब्रास शांती

डोकं शांत ठेवायच्या कामाची सुरुवात मी वाळूवाल्यावर ओरडून केली.

चूक अर्थात माझीच. "महिन्यात बीपी उतरला नाही तर गोळी सुरू, आणि ती जन्माची सोबतीण," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तासगावच्या आमच्या घरापुढं झेन बाग करायची ठरवली. मोबाईलवर पाहिली होती: पांढरी वाळू, तीन दगड, दाताळ्यानं ओढलेल्या रेघा. जपानी माणूस समोर बसतो आणि गार होतो. बस्स! मी रुबाबात फोनवर एक ब्रास वाळू सांगितली. (ब्रास म्हणजे चार-पाच घमेली, अशी माझी समजूत. जन्म कारकुनीत गेला!)

संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर फाटकात डोंगर! पलीकडं माझी बायको सुनीता, अलीकडं मी.

"अरे, एवढी?" मी वाळूवाल्यावर किंचाळलो.

"सायेब, ब्रास एवढीच असतीया!"

पलीकडून सुनीता म्हणाली, "शांती आली बरं का. तिच्यावरून चढून या!"

पुढचे चार दिवस मी घमेली वाहिली. येणारा-जाणारा विचारी, "वरचा मजला काढताय व्हय?" 'नाही, मन शांत करतोय,' हे सतरा जणांना सांगताना माझा आवाज असा चढला, की अठराव्यानं विचारलंच नाही.

अखेर बाग झाली. त्याच दिवशी वडूजहून सासरे आले, डोळे तपासायला. आयुष्य कोरडवाहू शेतीत गेलेलं. वाळूपुढं बराच वेळ उभे राहिले.

"जावयबापू, काय पेरलंय?"

"काही नाही, मामा."

"मग नांगरल्यागत तासं कशाला वडलीसा?"

"नुसती बघायला."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू डोळे माझेच तपासायला हवेत!

चार दिवस त्यांच्या तपासण्यांत मी बागेकडं फिरकलो नाही; मग ते गेले. दुसऱ्या सकाळी दाताळं घेऊन गेलो, तर प्रत्येक रेघेत हिरवे कोंब! मी फोनवर ओरडलो, "मामा, बागेत काय उगवलंय?"

"मेथी हाय. आवं, एवढी सरळ तासं आमच्या गावात कुनाला जमत न्हाईत. रिकामी ठिवायला जीव हुईना. उपटू नगासा, पानी मारा!"

लग्नाला बावीस वर्षं झाली, सासऱ्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. दाताळं ठेवलं आणि पाण्याचा मग घेतला.

मग रोज सकाळी मी तिथं उकिडवा. तण काढ, पाणी शिंपड. मोबाईल घरात वाजतोय, चहा कट्ट्यावर गार होतोय, मला पत्ता नाही!

महिन्यानं डॉक्टरांनी दंडाला पट्टा दोनदा गुंडाळून पाहिला. बीपी उतरलेला! गोळी टळली.

"काय केलंत?"

"झेन!" मी छाती काढून म्हणालो.

घरी येऊन सुनीताला तेच सांगितलं. तिनं मेथीची भलीमोठी जुडी माझ्यापुढं ठेवली.

"बावीस वर्षं सांगतेय, सकाळी घरातल्या एखाद्या कामाला हात लावा. त्यासाठी जपान कशाला लागतो? बसा आता, निवडा. आणि हो, शांतपणे!"